शिंपले नद्यांत आहेत तोवरच त्यांच्या प्रजननाची विद्या शिकून घ्यावी : राज्य जैवविविधता मंडळ आणि मत्स्यव्यवसाय विभागास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य सचिव, महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : गोड्या पाण्यातील शिंपल्यांची पाहणी, त्यांच्या यजमान माशांचा शोध आणि संवर्धनासाठी नियंत्रित प्रजनन केंद्र यांबाबत.

महोदय,

महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा पाच वर्षांसाठी १७२ कोटी ३९ लाख रुपयांची तरतूद जाहीर झाली आणि प्रकल्पाचे जे सात विषय ठरले त्यांत गोड्या पाण्यातील जैवविविधतेचाही समावेश झाला. गोडे पाणी म्हटले की आपल्याकडची चर्चा माशांपाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. नदीच्या तळाशी वाळूत अर्धवट रुतून बसलेला शिंपला त्या चर्चेत येत नाही, कारण त्याला बाजारात भाव नाही, तो कुणाला दिसत नाही आणि नाहीसा झाला तरी दहा-वीस वर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. हे पत्र त्या शिंपल्याविषयी आहे. आपल्या दोन्ही कार्यालयांनी मिळून राज्यातील नद्यांतल्या शिंपल्यांची पाहणी करावी, त्यांची पिल्ले ज्या माशांच्या आधाराने वाढतात ते मासे शोधून काढावेत, एक लहानसे नियंत्रित प्रजनन केंद्र सुरू करावे, आणि हे सारे शिंपले अजून बऱ्यापैकी सापडतात अशा काळातच करावे, एवढी माझी मागणी आहे. ती आज अवेळी वाटण्याची शक्यता आहे, म्हणून तिच्यामागची कारणे जरा विस्ताराने मांडतो.

लॅमेलिडेन्स आणि पॅरेसिया या दोन गटांतले शिंपले आपल्याकडे तळी, कालवे, बंधारे आणि वाहत्या नद्या यांत आढळतात. खेड्यातल्या जुन्या माणसांना ते चांगले ठाऊक आहेत. पाठ दगडावर घासून भोक पाडलेल्या शिंपलीने कैऱ्या सोललेल्या पिढ्या अजून हयात आहेत, आणि नदीकाठच्या काही कुटुंबांच्या जेवणातही हे शिंपले येतात. पण हा प्राणी पिल्ले कशी वाढवतो हे मात्र फारसे कुणाला माहीत नसते. मादी अंडी पाण्यात सोडून देत नाही, ती स्वतःच्या कल्ल्यांत उबवते. त्यांतून ग्लोकिडियम नावाची अळी तयार होते, जिचा आकार बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो. (१७९७ मध्ये येन्स राट्के या निसर्गअभ्यासकाला या अळ्या शिंपल्याला त्रास देणारे परजीवी वाटल्या होत्या आणि त्याने त्यांना वेगळ्या प्राण्याचे नावही देऊन टाकले होते.) ही अळी पाण्यात सुटल्यावर थोड्या दिवसांत तिला एखाद्या माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटता आले पाहिजे, नाहीतर ती मरते. चिकटली की माशाची त्वचा तिच्याभोवती वाढते, त्या आवरणात तिचे रूपांतर होते, आणि काही आठवड्यांनी, थंड प्रदेशातल्या काही जातींत तर काही महिन्यांनी, डोळ्याला जेमतेम दिसेल असा पूर्ण घडलेला शिंपला माशापासून सुटून तळाशी पडतो. माशाला सहसा अपाय होत नाही. शिंपल्याला मात्र मासा हवाच, आणि बहुतेक जातींना कोणताही मासा चालत नाही.

ही सोयरीक किती काटेकोर असते याचे नमुने उत्तर अमेरिकेतल्या नद्यांत पाहायला मिळतात, कारण जगात गोड्या पाण्यातील शिंपल्यांच्या सर्वाधिक जाती, सुमारे तीनशे, तिथे आहेत आणि त्यांचा अभ्यासही तिथेच सर्वांत जास्त झाला आहे. लॅम्पसिलिस गटातल्या मादीच्या शरीराची कड वाढून हुबेहूब लहान माशासारखी दिसते. तिला डोळ्यासारखा ठिपका असतो, शेपटीसारखा झुपका असतो, आणि ती प्रवाहात हलत राहते. तिला खायला मोठा मासा झडप घालतो आणि त्याच्या तोंडात अळ्यांचा फवारा जातो. स्नफबॉक्स नावाचा शिंपला याहून धीट आहे. लॉगपर्च हा मासा अन्न शोधताना नाकाडाने दगडगोटे उलथतो. त्याचे तोंड उघड्या शिंपल्यात आले की मादी दोन्ही झडपा मिटून त्याचे डोकेच पकडून ठेवते, अळ्या त्याच्या कल्ल्यांवर सोडते आणि मग त्याला जाऊ देते. इतका नाजूक व्यवहार ज्या जिवाच्या जगण्याचा आधार आहे, त्याला एखादे धरण, एखादा परका मासा किंवा वाळूचा एखादा ठेका पुरेसा ठरतो. मिसिसिपी नदीवर कीओकक येथे १९१३ मध्ये धरण झाले आणि स्किपजॅक हेरिंग या माशाची वरच्या भागात जाण्याची वाट बंद झाली. एबनीशेल हा तिथला एकेकाळी मुबलक असलेला शिंपला त्या माशावर अवलंबून होता. धरणाच्या वरचे प्रौढ शिंपले पुढे कित्येक दशके जगले, कारण या प्राण्याचे आयुष्य मोठे असते, पण त्यांच्यामागे पिल्ले आली नाहीत. पाहणाऱ्याला नदीत शिंपले दिसत होते आणि जात मात्र संपत आली होती.

त्याच नदीच्या काठी या विद्येचा जन्म झाला, आणि तो संवर्धनासाठी झालेला नव्हता, हे मुद्दाम सांगतो. जॉन बेपल नावाच्या जर्मन कारागिराने १८९१ मध्ये आयोवा राज्यातल्या मस्काटीन गावी शिंपल्यांपासून बटणे कापायला सुरुवात केली. पंधरा वर्षांच्या आत त्या एका गावातून वर्षाला दीड अब्ज बटणे बाहेर पडू लागली आणि नदीचा तळ खरवडला गेला. कच्चा माल संपतो आहे हे दिसल्यावर सरकारने जवळच फेअरपोर्ट येथे जीवशास्त्रीय केंद्र उभारले. तिथल्या लोकांनी कोणत्या शिंपल्याला कोणता मासा लागतो हे प्रयोगांनी शोधले आणि अळ्या चिकटवलेले मासे मोठ्या संख्येने नदीत सोडले. लफेव्हर आणि कर्टिस या दोघांचे या विषयावरचे सविस्तर काम १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे प्रदूषण वाढले, प्लॅस्टिकची बटणे आली, केंद्रातले प्रजननाचे काम १९३० च्या दशकात थांबले, आणि मिळवलेले ज्ञान ग्रंथालयात जाऊन पडले.

त्याआधीची आणि नंतरची काही दशके त्या देशातल्या नद्यांना फार महागात पडली. टेनेसी नदीवरचा मसल शोल्स हा पट्टा एकट्याने सत्तरच्या आसपास जातींचे घर होता. १९२४ मध्ये विल्सन धरण पूर्ण झाले आणि त्या उथळ, खळाळत्या पाण्याचा मोठा भाग जलाशयाखाली गेला. अमेरिकेत संकटग्रस्त जातींचा कायदा १९७३ मध्ये झाला, शिंपल्यांच्या पहिल्या जाती यादीत आल्या १९७६ मध्ये, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारने ज्या एकवीस जाती नामशेष झाल्याचे जाहीर करून यादीतून काढल्या, त्यांपैकी आठ गोड्या पाण्यातील शिंपल्यांच्या होत्या. त्यांतली ट्युबरकल्ड ब्लॉसम ही जात शेवटची दिसली होती १९६९ मध्ये, म्हणजे यादीत नाव येण्याच्या सात वर्षे आधी. फ्लॅट पिगटो आणि स्टिरपशेल या दोन जाती टॉमबिग्बी नदीच्या होत्या. त्या नदीचे रूपांतर जलवाहतुकीच्या कालव्यात झाले, काम १९८४ मध्ये पूर्ण झाले आणि या जातींना संरक्षण मिळाले १९८७ मध्ये. पैसा, कायदा, शास्त्रज्ञ आणि प्रजननाची एकदा हाती आलेली पद्धत, हे सगळे असलेल्या देशात असे घडले, कारण वेळ साधली गेली नाही.

आज हे प्रजनन कसे करतात ते थोडक्यात सांगणे भाग आहे, म्हणजे मी मागतो आहे ते काम किती मोठे आणि किती छोटे याचा अंदाज येईल. अळ्या भरलेली मादी नदीतून आणतात, खास चिमट्याने तिच्या झडपा बोटभरही नाही इतक्या उघडतात आणि सिरिंजने कल्ल्यात हळूहळू पाणी सोडून अळ्या धुऊन काढतात. त्यांतला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यात मिठाचे दोन-चार कण टाकतात. अळ्या जिवंत आणि पक्व असतील तर त्या तत्क्षणी फटाफट मिटतात. पुरेशा मिटल्या नाहीत तर त्या अळ्यांवर पुढे श्रम घेण्यात अर्थ नसतो. मग यजमान माशांना त्या अळ्यांसह थोडा वेळ हवा सोडलेल्या पाण्यात ठेवतात आणि नंतर टाक्यांत हलवतात. टाकीच्या तळाचे पाणी दर दोन-तीन दिवसांनी पिठाच्या चाळणीहून कितीतरी बारीक अशा चाळणीतून गाळतात आणि तिच्यावर साठलेल्या गाळात सुटी झालेली पिल्ले शोधतात. मासा न वापरता अळ्या पोषक द्रवात वाढवण्याची पद्धतही १९८२ मध्ये इसम आणि हडसन या संशोधकांनी दाखवून दिली आणि आता त्यासाठी बहुधा सशाच्या रक्तातला द्रव वापरतात. खरी कसोटी पुढे असते. नुकते सुटलेले पिल्लू पाणी गाळून खाण्याइतके मोठे नसते, ते पाय बाहेर काढून तळाच्या गाळातले कण गोळा करते, आणि त्या पहिल्या काही महिन्यांत त्याला कोणते शेवाळ, किती आणि कसल्या गाळात द्यायचे हे प्रत्येक जातीगणिक शिकावे लागते. या टप्प्यावर बहुसंख्य पिल्ले मरतात. जगलेल्यांच्या शिंपल्यावर तांदळाएवढा क्रमांक चिकटवून त्यांना नदीत सोडतात, म्हणजे पुढच्या पाहणीत ती ओळखता येतात.

हे सर्व पाहता यंत्रसामग्री फार लागत नाही. टाक्या, पंप, चाळण्या, एक चांगला सूक्ष्मदर्शक आणि रोज टाकीपाशी बसणारे दोन-तीन चिकाटीचे लोक एवढ्यावर सुरुवात होते. आपल्या मत्स्यबीज केंद्रांत यांतले बरेचसे आजही आहे. लागतो तो मुख्यतः वेळ, आणि चुका परवडतील इतके शिंपले. माझ्या मागणीचा गाभा या शेवटच्या अटीत आहे. जात दुर्मीळ झाल्यावर पहिला प्रयोग तिच्यावरच करायचा म्हणजे उरलेल्या मोजक्या माद्यांवर सराव करणे होय. विस्कॉन्सिनमधल्या जिनोआ येथील सरकारी मत्स्यबीज केंद्राने झेब्रा मसल या परक्या शिंपल्याच्या आक्रमणात सापडलेली हिगिन्स आय ही जात २००० सालापासून वाढवायला घेतली आणि वॉलआय, बास यांसारखे मासे पिंजऱ्यांत ठेवून पिल्ले थेट नदीच्या तळावर मिळवली. ते जमले, कारण त्या माशांची बीजपैदास करण्याचा अनुभव त्यांच्याजवळ पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. युरोपातल्या मोती शिंपल्यासाठी, जो शंभर वर्षांहून जास्त जगतो आणि ज्याच्या अळ्या फक्त सामन आणि ट्राउट माशांवर वाढतात, इंग्लंड, नॉर्वे, चेकिया आणि लक्झेंबर्ग येथे केंद्रे चालतात. तिथल्या कित्येक नद्यांत सर्वांत तरुण शिंपलाही अनेक दशकांचा आहे. स्पेनच्या एब्रो नदीतल्या भल्यामोठ्या शिंपल्याची अवस्था त्याहून वाईट झाली, कारण त्याचा एक मुख्य यजमान, स्टर्जन मासा, नदीतून आधीच गेला होता.

आता आपल्याकडे वळतो. तुंगा-भद्रेच्या खोऱ्यात, म्हणजे कृष्णेच्याच व्यापक कुटुंबात, सुडोम्युलेरिया डाली हा शिंपला खडकाला कालवासारखा कायमचा चिकटून राहतो. तो कर्नाटकातल्या मोजक्या नद्यांपुरता उरला आहे आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला संकटग्रस्त ठरवले आहे. महाराष्ट्रातल्या जातींपैकी बऱ्याच ‘चिंता नाही’ या रकान्यात आहेत. तो रकाना वाचून समाधान मानण्याचे मला कारण दिसत नाही. पाहणीच तुरळक असेल तर असे शेरे जुन्या नोंदींवरून पडतात, आणि आपल्या बहुतेक शिंपल्यांचे यजमान मासे कोणते याची पक्की नोंदसुद्धा आपल्याजवळ नाही. उलट शिंपल्याला ज्या गोष्टींनी इतरत्र संपवले त्या सगळ्या आपल्या नद्यांत एकाच वेळी हजर आहेत. वाळू उपशाने त्याचे घरच ट्रॅक्टर-ट्रॉलीत भरून जाते. धरणे आणि बंधारे माशांच्या वाटा अडवतात. उजनीसारख्या जलाशयांत चिलापीने स्थानिक माशांना मागे सारले आहे, आणि जो मासा अळीला चालत नाही तो संख्येने कितीही वाढला तरी शिंपल्याच्या उपयोगाचा नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे काढल्यावर पाणी झपाट्याने उतरते तेव्हा वरच्या अंगाला चिखलात शिंपल्यांनी ओढलेल्या लांबच लांब रेघा दिसतात. काही रेघा पाण्यापर्यंत पोचतात, काही मध्येच थांबतात आणि तिथे उघडा पडलेला शिंपला असतो. मी असे शिंपले उचलून पाहिले आहेत, आणि मला खटकले ते एवढेच की बोटाच्या पेराएवढे लहान शिंपले त्यांत क्वचित होते. एका ठिकाणच्या निरीक्षणावरून अनुमान काढू नये हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो, म्हणून इथेही काढत नाही. पण पाहणी करताना नुसती संख्या न मोजता प्रत्येक शिंपल्याची लांबी मोजावी, हा आग्रह त्यामुळेच आहे. सगळेच म्हातारे असतील तर संख्येला अर्थ नाही.

लहान पिल्ले का नसतात याचे एक कारण सांडपाण्यात असू शकते. प्रौढ शिंपला वाईट पाणी आले की झडपा मिटून काही काळ तग धरतो. गाळात राहणाऱ्या पिल्लाला ती सोय फारशी नसते, आणि अमोनिया व तांबे यांचे अगदी थोडे प्रमाणही त्याला सोसत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१३ मध्ये गोड्या पाण्यातल्या अमोनियाच्या मर्यादा नव्याने ठरवल्या तेव्हा शिंपल्यांवरील प्रयोगांची आकडेवारी त्यामागे होती. आपल्याकडे प्रदूषित नदीपट्टे ठरतात ते प्रामुख्याने बीओडीवरून, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना किती प्राणवायू लागतो या मापावरून, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या यादीत देशभरातल्या ३११ पट्ट्यांपैकी ५५ एकट्या महाराष्ट्रातले होते. जिथे शिंपले सोडायचे आहेत तिथल्या तळाच्या गाळातला अमोनिया आधी मोजला पाहिजे. शिंपले पाणी गाळतात म्हणून नाल्याच्या तोंडाशी शिंपले सोडून नदी स्वच्छ करू, अशी कल्पना अधूनमधून मांडली जाते. ती कृपा करून आपल्या कार्यालयांनी उचलू नये. मैलापाणी शुद्ध करणे हे महापालिकेचे काम आहे, शिंपल्याचे नाही.

प्रजनन केंद्र हा नदी सुधारण्याला पर्याय नाही, याचा धडा व्हर्जिनियातल्या क्लिंच नदीने दिला आहे. २७ ऑगस्ट १९९८ रोजी सीडर ब्लफ गावाजवळ एक टँकर उलटला आणि रबर उद्योगातले रसायन नदीत गेले; सुमारे सात हजार शिंपले मेले आणि त्यांत अतिशय दुर्मीळ जातीही होत्या. मिळालेल्या भरपाईतून पुढे त्याच खोऱ्यातले शिंपले केंद्रांत वाढवून नदीत सोडण्यात आले, आणि तो पैशाचा मी पाहिलेला सर्वांत शहाणा विनियोग आहे. तरीही २०१६ पासून त्याच नदीत फेझंटशेल जातीचे शिंपले मोठ्या संख्येने मरू लागले आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या मृत्यूंशी एका नव्या विषाणूचा संबंध दिसून आला. केंद्रातल्या टाक्यांत वेगळी राखलेली पिढी असणे हा अशा वेळी विम्यासारखा आधार असतो, पण रोग केंद्रातूनच नदीत जाऊ नये याची काळजीही तितकीच घ्यावी लागते.

काळजीचा मुद्दा निघालाच आहे तर आपल्याच घरातले एक उदाहरण सांगितले पाहिजे. लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० च्या दशकापासून खडस, म्हणजे महसीर माशाची बीजपैदास होते आणि ते काम देशात आदराने पाहिले जाते. पण तिथल्या दख्खनी महसीराची बोटुकली त्या काळात दक्षिणेत कावेरी नदीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर वेगळ्या जातीचा होता. आलेला मासा तिथे वाढला, मूळचा मागे पडला, आणि २०१८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. हेतू चांगला होता, मासेही चांगले होते, नदी मात्र चुकीची होती. शिंपल्यांच्या बाबतीत ही चूक याहून सहज घडेल, कारण एकसारख्या दिसणाऱ्या जाती ओळखणे तज्ज्ञांनाही अवघड जाते आणि एका मादीपासून हजारो पिल्ले मिळत असल्याने एकाच आईची भावंडे सगळ्या नदीत पसरवण्याचा मोह होतो. म्हणून कृष्णेचा शिंपला कृष्णेच्या खोऱ्यातच, वैनगंगेचा वैनगंगेतच; दरवर्षी वेगळ्या माद्या, आणि काम झाल्यावर प्रत्येक मादी जिथून आणली तिथेच परत, हे नियम केंद्राची पहिली वीट रचण्याआधी लेखी ठरले पाहिजेत.

मत्स्यव्यवसाय विभागाला आणखी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली मत्स्यबीजाविषयी. चीनकडचा सायनानोडोंटा हा मोठा शिंपला १९६० च्या दशकात हंगेरी आणि रुमानियात पोचला तो गवत्या, चंदेरा या माशांच्या बीजाबरोबर. अळ्या माशांच्या कल्ल्यांवर होत्या आणि कुणाला दिसल्या नाहीत. आज तो युरोपभर पसरला आहे. आपण दरवर्षी हजारो तळ्यांत बाहेरून आणलेले बीज सोडतो, आणि त्या माशांचे कल्ले सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत असली पाहिजे. दुसरी गोष्ट मोत्यांच्या शेतीची. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने विकसित केलेले गोड्या पाण्यातील मोती-संवर्धनाचे तंत्र लॅमेलिडेन्स आणि पॅरेसिया यांच्यावरच आधारलेले आहे, प्रशिक्षणाच्या जाहिराती राज्यभर दिसतात, आणि शस्त्रक्रियेसाठी लागणारे शिंपले बहुतांशी नद्या-तळ्यांतूनच वेचून आणले जातात. शस्त्रक्रियेत बरेच मरतात, म्हणजे पुन्हा वेचणे आले. मोत्यांच्या शेतीला माझा विरोध नाही. शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर ते हवेच आहेत. पण अनुदान देताना शिंपले कुठून आले हे विचारले जावे. सर्वसामान्य लॅमेलिडेन्सच्या प्रजननाची पद्धत बसली की तेच केंद्र शेतकऱ्यांना शिंपले पुरवू शकेल, नदीवरचा ताण कमी होईल, आणि दुर्मीळ जातींसाठी लागणारा हात त्याच कामात तयार होईल. फेअरपोर्टचे काम धंद्यासाठी सुरू झाले म्हणून ते वाया गेले नाही, ते जपून न ठेवल्यामुळे वाया गेले.

राज्यात हे काम करू शकतील अशा संस्था आहेत. मुंबईत केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे, रत्नागिरी, नागपूर आणि उदगीर येथे मत्स्यविज्ञानाची महाविद्यालये आहेत, आणि जाती ओळखण्यासाठी पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. सुरुवात विदर्भातल्या एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावापासून आणि पश्चिमेकडच्या एका वाहत्या नदीपासून व्हावी असे मला वाटते, कारण साचलेल्या पाण्यातले आणि प्रवाहातले शिंपले वेगळे वागतात. गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांत शिंपल्यांसाठी रकाना असावा, आणि तो भरताना भोई, कातकरी बांधवांना व भगिनींना विचारले जावे, कारण कोणत्या डोहात कोणता शिंपला मिळायचा आणि कधीपासून मिळेनासा झाला हे त्यांच्याइतके कुणी सांगू शकणार नाही. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या एका लहानशा माशासाठी २०२१ मध्ये आपण जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केले. पाण्यातल्या दुर्लक्षित जिवासाठी जागा राखण्याची तयारी राज्याने तिथे दाखवली आहे. शिंपल्यांचे चांगले पट्टे सापडतील तिथेही तोच मार्ग खुला आहे आणि तो प्रजनन केंद्रापेक्षा स्वस्त पडेल.

माझी तातडीची विनंती दोन गोष्टींपुरती आहे. नदीतला मासा मत्स्यव्यवसाय विभागाचा, वाळू महसूल खात्याची, पाणी जलसंपदा खात्याचे, आणि शिंपल्याविषयी विचारले तर प्रत्येक टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवले जाते. तेव्हा आपल्या दोन कार्यालयांनी आधी त्याची जबाबदारी कुणाची हे लेखी ठरवून जाहीर करावे. आणि पहिली पाहणी येत्या उन्हाळ्यात, मार्च ते मे या काळात, बंधाऱ्यांचे बरगे निघण्याआधी आणि नद्यांचे पाणी खाली असताना हाती घ्यावी; तीत जात, लांबी, तळाचा प्रकार आणि सोबत सापडणारे मासे एवढ्या नोंदी असल्या तरी पुढच्या कामाला पुरतील. पाहणीसाठी महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना बोलावल्यास माझ्यासारखे शिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी विनामानधन येतील, याची खात्री बाळगावी.

कळावे,

आपला विश्वासू,
प्राणिशास्त्राचा एक शिक्षक